दूधकट्टा राहिला की!
बदलत्या कोल्हापूरच्या फोटो प्रदर्शनाबद्दल लिहिलंय ते वाचलं, रविवारी शाहू स्मारकला मीपण जाऊन आलो. रंकाळ्याचे सूर्यास्त लई झाले राव, ते कॅलेंडरवरपण असतात. पण केशवराव भोसले नाट्यगृहाचा आगीआधीचा एक फोटो होता, रिकाम्या खुर्च्या आणि एकजण झाडू मारतोय, तिथंच पाय अडकले बघा, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आम्ही गल्लीतली पोरं शेजारच्या खासबाग कुस्ती मैदानाच्या बाजूला उभं राहून १९१५ सालचं थेटर जळताना बघत होतो, कुणी बोलतच नव्हतं. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हशीची धार थेट ग्लासात काढून देतात त्याचा मात्र एकपण फोटो नाही, हे काय पटलं नाही. आणि फोटोखाली साल तरी लिहा की हो!