दऱ्यांचा दर्या झाला की ओ

मोबाइलनं कविता पातळ केली असं एका लेखात म्हटलंय, अर्धंच पटलं बघा. माझा अनुभव वेगळाच हाय. गावच्या संमेलनाच्या स्मरणिकेसाठी बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या चोर्ला घाटावरची कविता मी मोबाइलवर युनिकोडमध्ये (सगळीकडं सारखी दिसणाऱ्या अक्षरांत) टाईप करून पाठवलो, डीटीपीवाल्यानं (छपाईसाठी पानं जुळवणाऱ्यानं) ती जुन्या फॉन्टात बदलून घेतली आणि छापून आलं तर ‘दऱ्या’चं ‘दर्या’, खानापूरच्या पुढं डायरेक्ट समुद्रच! बरं नुसता अर्थ गेला असता तर चाललं असतं, पण ‘दऱ्या’त द लघु राहतो आणि ‘दर्या’त रफाराचा आघात येऊन गुरू होतो, म्हणजे मात्रा पण वाढली, वृत्त मोडलं. आता चूक मोबाइलची का फॉन्टची? संमेलनात स्टेजवर मी मोबाइलमधनंच वाचलो, त्यात दऱ्या शाबूत होत्या.