एटीएम बंद पाडून चोराला काय मिळणार?

शनिवारी कोथरूडला मावशीकडे गेलो, तर साबुदाण्याच्या डब्यात पाचशेच्या नोटा. चाळीस हजार! दोन कार्डं घेऊन, भर उन्हात दोन रांगा लावून काढलेले. कारण काय, तर सोसायटीच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड: पाकिस्तानच्या रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) हल्ल्यामुळे एटीएम दोन-तीन दिवस बंद, ऑनलाइन व्यवहार करू नका, 'डान्स ऑफ द हिलरी' नावाचा व्हिडिओ उघडलात तर मोबाइल फॉरमॅट होईल, बीबीसी रेडिओने जाहीर केलंय.

बीबीसी रेडिओ! मावशीकडे आकाशवाणीसुद्धा लागत नाही. हिलरीचा हा नाच 2017 मध्ये वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरच्या वेळीही फिरला होता, आता त्याला पाकिस्तान चिकटवलाय. वॉनाक्राय खरा होता, पण तो विंडोजमधल्या त्रुटीतून कॉम्प्युटरमध्ये शिरायचा. फोनवरच्या व्हिडिओशी त्याचा काय संबंध?

एटीएम बंदचा मजकूर खोटा आहे, हे केंद्र सरकारच्या पीआयबीने 9 मे 2025 रोजीच सांगितलं. पण पुणेकरांना ते दिल्लीहून कळावं लागतं, याचा मला जास्त राग येतो. ऑगस्ट 2018, आपल्या पुण्याची कॉसमॉस बँक, विसरलो का आपण? चोरांनी बँकेच्या एटीएम स्विचला, म्हणजे एटीएमचा निरोप बँकेपर्यंत पोचवणाऱ्या यंत्रणेला, बगल देऊन स्वतःचा बनावट स्विच बसवला. नकली कार्ड घातलं की 'पैसे द्यायचे का?' हा प्रश्न बँकेपर्यंत जायचाच नाही, बनावट स्विचच परस्पर 'द्या' म्हणायचा. 28 देशांतल्या एटीएममधून सुमारे 78 कोटी, भारतातून अडीच कोटी, वर स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेतून, हाँगकाँगला जवळपास 14 कोटी. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने 2019 च्या अहवालात ही चोरी उत्तर कोरियाच्या खात्यावर मांडली. म्हणजे तिथल्या सरकारी हॅकरांना एटीएम धडधडीत चालू हवी होती! बंद पडली असती तर एटीएममधून छदाम मिळाला नसता. आणि पैसे गेले ते बँकेचे, ठेवीदारांच्या खात्यांना हात लागला नाही. मग डबा कशाला?

बरं, पाकिस्तानी हॅकर आहेत, हे मान्य. पहलगामनंतर पुण्याच्याच सेक्राइट या सायबर सुरक्षा कंपनीने त्यांचा सापळा उघड केला: हल्ल्याबद्दलचा सरकारी कागद भासवणारी पीडीएफ. पण ती सरकारी आणि संरक्षण खात्यातल्या लोकांसाठी होती. मावशी शाळेतून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली.

ऑनलाइन व्यवहारांचं सोडा, तिचं वीजबिल मीच भरतो.

हे सगळं ऐकून ती म्हणाली, "असू दे रे हाताशी." असू दे. शुक्रवारी संकष्टी आहे आणि साबुदाणा फ्रीजवर पिशवीत पडलाय, त्याला मुंग्या लागल्यात.