गॅस दरवर्षी भरावाच लागतो

मार्च उजाडला आणि एसी जरा कमी थंड वाटला की लगेच फोन लावा: “गॅस संपलाय, भरून द्या.” निदान आपणच करून मोकळं व्हावं, येणाऱ्या मेकॅनिकला विचार करायला लावणं बरं नव्हे. फिल्टर उघडून बघायच्या भानगडीत तर पडूच नका. त्यावर वर्षाची धूळ बसली असेल, बाहेरच्या युनिटच्या जाळीत कबुतरांची पिसं अडकली असतील, तर हवाच फिरत नाही. पण हे कळलं की गॅस भरण्याचं कारणच उरत नाही.

गॅस संपतो, यावर श्रद्धा अढळ ठेवा. तांब्याच्या बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत असतो, तो वापरून जळून जात नाही, आटत नाही, कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय, असं कुणी म्हणालंच तर सांगा की आमच्याकडे गेल्या वर्षीही भरला होता आणि त्याच्या आदल्या वर्षीही.

मेकॅनिक आला की त्याच्याकडे फक्त दाब मोजणारं गेज आणि सिलिंडर आहे ना, तेवढं बघा. वजनकाटा काढणारा माणूस उगाच वेळ खातो. बाहेरच्या युनिटवरच्या पाटीवर किती किलो गॅस ते छापलेलं असतं, आर-३२ हा गॅस वापरणाऱ्या दीड टनाच्या एसीला साधारण किलोच्या आतबाहेर. पाइप ठरावीक लांबीपेक्षा जास्त असेल तर पुढच्या प्रत्येक मीटरला किती ग्रॅम वाढवायचे, हे कंपनीच्या पुस्तिकेत असतं. हे वाचून उरलेला गॅस काढून घ्यायचा आणि मोजून नवा भरायचा, हा झाला दीड-दोन तासांचा उद्योग. त्यापेक्षा गेजचा काटा बघून भरावा. जुन्या आर-२२ गॅसला ६५-७० पीएसआय (दाबाचं माप), आर-३२ ला १२०-१३०, पाठ आहे सगळं. आता इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर मनाला येईल तसा वेग बदलतो, आणि वेग बदलला की काटाही हलतो, हा तपशील झाला. जास्त भरला गेला तर वीजबिल वाढेल, आणि द्रवरूप गॅस कॉम्प्रेसरमध्ये शिरून त्याच्या व्हॉल्व्ह तोडेल. द्रव दाबला जात नाही, त्याला कॉम्प्रेसर तरी काय करणार?

गॅस कोणता, हेही विचारू नका. आर-४१०ए दोन गॅसांचं मिश्रण आहे, ते सिलिंडर उलटा धरून द्रवरूपातच भरावं लागतं, नाहीतर प्रमाण बिघडतं. आर-२२ च्या मशीनमध्ये आर-४१०ए भरला तर दाब दीडपटीच्या पुढे जातो आणि कॉम्प्रेसरचं तेलही जुळत नाही. पण थंड तर दोन्ही करतात!

गळती शोधायची हौस असलेली काही माणसं असतात. ती ड्राय नायट्रोजनचा सिलिंडर खांद्यावर घेऊन जिना चढतात, रेग्युलेटर लावून दाब टप्प्याटप्प्याने चढवतात, पुस्तिकेतल्या कमाल मर्यादेपुढे जात नाहीत, आणि पाइपचं फुलवलेलं तोंड (फ्लेअर) आवळणाऱ्या प्रत्येक नटवर, गॅस भरायच्या सर्व्हिस व्हॉल्व्हच्या पिनवर साबणाचं पाणी लावून वाट बघत बसतात. मोठी गळती लगेच फुगे काढते, बारीक गळतीला पांढरा फेस यायला काही मिनिटं लागतात. दाब रात्रभर ठेवला तर वर तापमानाचा हिशेबही मांडतात: ५०० पीएसआयवर ठेवलेला नायट्रोजन १० अंश थंड झाला की १६-१७ पीएसआय गळतीशिवायच उतरतो. एवढं गणित कुणी सांगितलंय? नायट्रोजन महाग वाटत असेल तर वेल्डिंगवाल्याचा ऑक्सिजन असतोच. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल भेटले की स्फोट होतो, म्हणजे गळती कुठे आहे हा प्रश्नही संपतो.

काडी पेटवून गळती बघण्याची पद्धतही जपायला हवी. आर-३२ हळू का होईना पेटतो, ज्वाळेत सापडला तर त्यातून हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू निघतो. गळलेला आर-३२ हवेपेक्षा जड असल्याने दारं-खिडक्या बंद असलेल्या खोलीत जमिनीलगत साचतो. म्हणून खिडक्या बंदच ठेवा, गारवा बाहेर जायला नको. हातमोजे, गॉगल हे नखरे. द्रवरूप आर-३२ उणे ५२ अंशाला उकळतो, बोटांना एवढी थंडी सोसायला काय हरकत आहे?

नटचं म्हणाल तर मोठा पाना घेऊन अंगातली सगळी ताकद लावावी. पाव इंची नटला १५-१८ न्यूटन-मीटरचा पीळ आणि अर्धा इंचीला ५०-६० पुरतात, त्यापुढे फ्लेअरची कड चिरते आणि आज बंद झालेली गळती जूनमध्ये सुरू होते. पीळ मोजणारा टॉर्क पाना वापरणाऱ्याला मग जूनमध्ये कोण बोलावणार?

व्हॅक्यूम पंपाऐवजी थोडा गॅस सोडून पाइपमधली हवा हाकलून द्यावी, दोन मिनिटांचं काम. नाहीतर पंप लावून पाइपमधला दाब ५०० मायक्रॉनखाली (जवळजवळ निर्वात) उतरवायचा, मग पंप बंद करून काटा चढतो का ते बघायचं. थोडा चढून थांबला तर ओलावा, चढतच राहिला तर गळती. हे सगळं ओलावा काढण्यासाठी, कारण ओलाव्याने तेलात आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसरच्या मोटारचं वेष्टण खातं. खाऊ दे, दोन-तीन वर्षं तरी लागतील.

घर खाडीच्या किंवा नाल्याच्या काठी असेल तर तुमची चैनच आहे. गटारातला हायड्रोजन सल्फाइड आतल्या कॉइलचं तांबं काळं करून पोखरतो. अशा कॉइलमध्ये कितीही वेळा गॅस भरता येतो. नवी कॉइल बसवा म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

घर बदलताना एसी काढायचा असेल तर कॉम्प्रेसर चालू असतानाच नट सैल करावेत, वेळ वाचतो. आधी लिक्विड व्हॉल्व्ह (बारीक पाइपचा) बंद, गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढला की सक्शन व्हॉल्व्ह (जाड पाइपचा) बंद, लगेच वीज बंद, आणि मगच पाइप सोडायचे, हा क्रम भित्र्यांचा. सैल नटातून हवा आत ओढली गेली की कॉम्प्रेसर तेल आणि हवा एकत्र दाबतो, आणि युनिट फुटतं. ग्रीलवर उभ्या माणसाला तेव्हा सेफ्टी बेल्ट नसला तरी चालतो, नाहीतरी खाली जायचंच होतं.

शेवटी पैसे देताना किती ग्रॅम भरला, गळती कुठे मिळाली, असलं काही बिलावर लिहून मागू नका. “गॅस चार्जिंग, १ नग” एवढं पुरे.