पिकपला येणारा आवाज

आमच्या गाडीला पंधरा वर्षं पूर्ण झाली. फिटनेस दाखवून आरटीओकडून तिला आणखी 5 वर्षांचं आयुष्य मिळवलं, आणि त्याच पावसाळ्यात तिला कंठ फुटला. उभी असताना गप्प, सपाटीला गप्प. तिसऱ्या गिअरात जरा पिकप घेतला, की खालून कुठूनतरी 'खर्रर्र-टण्ण'. पाय उचलला की बंद.

कोल्हापुरात अशा वेळी सल्ला मागावा लागत नाही. इथं निम्मं गाव वस्ताद, उरलेलं निम्मं फुटबॉलचं पंच, आणि गाडीचं बोनेट उघडलं की दोन्ही गट मिळून मेकॅनिक. मेव्हणा म्हणाला, "दाजी, अ‍ॅक्सलचा जॉइंट गेला." तो जॉइंट स्टेअरिंग वळवल्यावर कटकट करतो, आमची गाडी सरळ रेषेत ओरडते, हे सांगेपर्यंत तो चहा संपवून निघून गेला होता. शेजारच्या काकांनी पेट्रोलातल्या 20 टक्के इथेनॉलवर बोट ठेवलं. हल्ली टायर पंक्चर झाला तरी लोक इथेनॉललाच धरतात. पण आमच्या जिल्ह्यात ती सोय नाही. ऊस आपला, त्याचं इथेनॉल काढणारा कारखाना आपला, काकांच्या उसाचं बिलही त्याच कारखान्यातून येणार. काकांनी आजूबाजूला बघून आवाज खाली आणला.

शेवटी उद्यमनगर गाठलं. जिथं लोखंड वितळवून हवा तो पार्ट ओततात, तिथं आमच्या खर्रर्रची काय कथा? मिस्त्रींनी हात पुसत विचारलं, "आवाज कसा येतोय? काढून दाखवा की."

भर दुपारी, चार लोकांत, तोंडानं गाडीचा आवाज काढणं ही काही सोपी कला नाही. मी घसा साफ करून 'खर्रर्र' केलं. बाकावर बसलेल्या एका अनोळखी गिऱ्हाइकानं मान हलवली, "तसा नव्हं, पोटातनं काढा." मी पोटातून काढला. मागून बायको म्हणाली, "अहो, टण्ण राहिलं." हाताखालचा पोरगा पाना टाकून हसायला पळाला. मिस्त्री मात्र गंभीर. त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवलं, मूठ कानाला लावली, आणि मला न्यूट्रलला रेस द्यायला सांगितली. गाडी मांजरीसारखी गुरगुरली. खर्रर्र नाही, टण्ण नाही. माझ्याकडे सगळ्यांनी असं बघितलं, की तो आवाज मीच घरून घेऊन आलो असावा.

"लोड आला की वाजतंय हे," मिस्त्री म्हणाले. "चढ पायजे." कोल्हापुरात चढ म्हटलं की पन्हाळा. जेमतेम 20 किलोमीटर. वाघबीळ सोडून चढ लागला आणि गाडीनं जी तान घेतली, की माझे डोळे भरून आले. मिस्त्री खिडकीतून डोकं बाहेर काढून ऐकत होते. निदान तिथंच झालं असावं, पण त्यांनी गडावर पोचून झुणका-भाकर खाईपर्यंत ते सांगितलं नाही.

मग म्हणाले, "हँडब्रेक ओढा. ब्रेकवर पाय. पहिला टाका, क्लच अर्धा सोडा." स्वतः बोनेट उघडून बाजूला उभे राहिले, पंधरा वर्षांच्या ब्रेकवर एवढा विश्वास कुणी ठेवत नाही. क्लच सुटताच अख्खं इंजिन मागं झुकलं. इंजिन ज्यावर बसतं, ते माउंटिंगचं रबर फाटलं होतं. जोर आला की इंजिन कलायचं, सायलेन्सरचा पाइप मागं सरकायचा आणि त्यावरचा उष्णतेपासून बचावाचा पत्रा गाडीच्या बुडाला आपटायचा. न्यूट्रलमध्ये जोरच नाही, मग वाजणार काय?

दुसऱ्या दिवशी रबर बदललं, पत्रा क्लिप लावून आवळला. ट्रायलला निघालो. तिसरा गिअर, पिकप, काही नाही. मी स्टेअरिंगवर थाप मारणार, एवढ्यात खालून एक बारीक 'ऊंऊंऊं' ऐकू आलं.

"हे काय?"

"हे जुनंच. त्या आवाजाखाली दबलं होतं," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "पाय उचला बघू. बंद होतंय? नाही. म्हणजे इंजिनचं नव्हं, स्पीडवर येतंय. चाकाचं बेअरिंग. पगार झाला की आणा."

"आणि त्याच्या खाली काही दबलंय का?"

"बेअरिंग बदललं की कळंल की."