दोन ऑस्कर, ४२ मतं आणि गवंड्याची लेक

ब्रिटिश अभिनेत्री ग्लेंडा जॅक्सनला दोन ऑस्कर मिळाली आणि दोन्ही वेळा ती समारंभाला गेली नाही. बाहुल्या घरी आल्यावर तिने त्या आईकडे ठेवायला दिल्या. आईने समया घासाव्यात तशा त्या घासल्या, इतक्या की वरचा सोनेरी मुलामा उडाला आणि आतला धातू दिसायला लागला. ही गोष्ट ग्लेंडा स्वतः मुलाखतींत सांगायची. वरून चकचकाट आणि आत हलका धातू, ऑस्करचं असंच असतं, असा शेराही मारायची.

परवा रात्री तिचा ‘द ग्रेट एस्केपर’ हा सिनेमा पाहिला आणि तेव्हापासून ही बाई डोक्यातून जात नाहीये. म्हणून हे लिहितेय. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

तिच्याबद्दल जे काही लिहिलं जातं त्याचा सूर ठरलेला असतो. अभिनेत्री होती, मग खासदार झाली, मग ऐंशीव्या वर्षी पुन्हा अभिनेत्री झाली, केवढा हा चमत्कार! मला यात चमत्कार दिसत नाही. मला ती आयुष्यभर एकच गोष्ट करताना दिसते. सकाळी उठायचं आणि कामावर जायचं. कधी नाटकाच्या तालमीला, कधी शूटिंगला, कधी संसदेत. कामाकडे बघायची ही नजर तिच्या घरातूनच आलेली आहे.

जन्म ९ मे १९३६, बर्कनहेडचा. मर्सी नदीच्या एका काठावर लिव्हरपूल, समोर हे गोदीचं गाव. बाप गवंडी. आई घरकामाला जायची, दुकानात उभी राहायची, मिळेल ते काम करायची. चार बहिणींत ही थोरली. संडास घराबाहेर. नाव मात्र हॉलिवूडचं: ग्लेंडा फॅरेल नावाच्या नटीवरून आईने ठेवलेलं. शाळेत फार काही उजेड पडला नाही, म्हणून पोरगी बूट्स या औषधांच्या दुकानात लागली आणि दोन वर्षं तिथे काढली. संध्याकाळी हौशी नाटक मंडळीत जायची. तिथून शिष्यवृत्तीवर लंडनला, राडा या नाट्यशाळेत.

राडाच्या प्राचार्यांनी तिला निरोपाचा सल्ला काय दिला असेल? चाळिशी येईपर्यंत फारशा कामाची अपेक्षा ठेवू नकोस, तू मुळात चरित्र अभिनेत्री आहेस. म्हणजे सभ्य भाषेत, तुझा चेहरा नायिकेचा नाही. चेहरा नव्हताच तसा. उभट, हाडं वर आलेली, ओठ पातळ, आणि समोरच्याला आरपार बघणारे डोळे. पुढची काही वर्षं तिने छोट्या गावांतल्या नाटक कंपन्यांत भूमिका केल्या, मध्ये काम नसायचं तेव्हा हॉटेलात ताटल्या उचलल्या. तब्बल दोन वर्षं नाटकाचं कामच नाही, असाही एक काळ गेला.

मग १९६४. दिग्दर्शक पीटर ब्रुकने तिला रॉयल शेक्सपिअर कंपनीत घेतलं. फ्रेंच राज्यक्रांतीवरच्या, वेड्यांच्या इस्पितळात घडणाऱ्या ‘मारा/साद’ या नाटकात ती मारा या क्रांतिकारकाची मारेकरी, शार्लट कोर्दे झाली. त्यात ती आपल्या मोकळ्या केसांनी साद या पात्राला फटके मारते. पुढे त्याचा सिनेमाही झाला, त्यात हा प्रसंग बघायला मिळतो. हातात काही नाही, नुसते केस. आणि बघणाऱ्याच्या पाठीवर वळ उठतात.

केन रसेलचा ‘विमेन इन लव्ह’ १९६९ चा. डी. एच. लॉरेन्सच्या कादंबरीतली गुड्रन तिने केली, पहिलं ऑस्कर तिथलं. शूटिंगच्या वेळी ती गरोदर होती. गुड्रनला आवडून घ्यायची तिला काही पडलेली नाही, हे मला त्या भूमिकेत सगळ्यात आवडतं. तिच्या काळच्या बहुतेक नायिका कॅमेऱ्याकडे थोडी तरी विनवणी करतात. ही करत नाही.

आणि १९७१! एका वर्षात माणसाने किती काम करावं? जॉन श्लेसिंजरच्या ‘संडे ब्लडी संडे’ मध्ये तिची घटस्फोटित बाई आणि पीटर फिंचचा डॉक्टर, दोघंही एकाच तरुणावर जीव लावून बसलेत आणि दोघांनाही ते ठाऊक आहे. आरडाओरडा नाही, कुणी कुणाच्या झिंज्या उपटत नाही. रविवारी दुपारी घरात जी पोकळी येते ना, ती तिच्या चेहऱ्यावर आहे. त्याच वर्षी बीबीसीची ‘एलिझाबेथ आर’ आली, सहा भागांची. पहिल्या एलिझाबेथचं आयुष्य, कोवळ्या मुलीपासून ते सत्तरीला टेकलेल्या म्हातारीपर्यंत. त्यासाठी तिने पुढचे केस खरोखर भादरून घेतले होते. सहाव्या भागात रंगाचे थर चढवलेली ती म्हातारी राणी बघा, आणि मग पहिला भाग परत लावा. तीच बाई आहे यावर विश्वास बसत नाही. अमेरिकेत या मालिकेसाठी तिला दोन एमी, म्हणजे तिथले टीव्हीचे पुरस्कार, मिळाले.

याच वर्षी ती मोरकम आणि वाइज या जोडगोळीच्या टीव्ही कार्यक्रमात जाऊन क्लिओपात्रा झाली. हे दोघे म्हणजे इंग्लंडच्या घराघरातले विनोदवीर. नाटुकलं मुद्दाम भिकार लिहिलेलं, वाक्यांचं व्याकरण मोडकं. आणि ही शेक्सपिअरवाली बाई ती मोडकी वाक्यं अशा काही राजेशाही थाटात म्हणते की हसून पुरेवाट. ते बघून दिग्दर्शक मेल्व्हिन फ्रँकला वाटलं, हिला विनोद जमतो. त्याने ‘अ टच ऑफ क्लास’ दिला आणि १९७३ च्या त्या सिनेमासाठी दुसरं ऑस्कर. आमच्याबरोबर राहा, तिसरंही मिळवून देऊ, अशी तार म्हणे मोरकमने तिला पाठवली. खरं सांगू? तो सिनेमा मला सामान्य वाटतो. दुसरं ऑस्कर ‘संडे ब्लडी संडे’ ला मिळायला हवं होतं. त्या वर्षी नुसतं नामांकन मिळालं. असो.

ऐंशीच्या दशकाबद्दल भरभर लिहिते, कारण तिचं तिलाच ते पुरेसं वाटत नव्हतं. त्याआधीचा, १९७८ चा ‘स्टीव्ही’ चांगला, ‘टर्टल डायरी’ फारच गोड. पण एक तपशील सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८९ मध्ये केन रसेलने लॉरेन्सची आधीची कादंबरी, ‘द रेनबो’, घेतली. त्यात ग्लेंडा ॲना ब्रँगवेन आहे, म्हणजे गुड्रनची आई. वीस वर्षांपूर्वी जिच्या भूमिकेने ऑस्कर दिलं, तिचीच आता आई! बाईच्या वाट्याला येणाऱ्या भूमिकांचा सगळा हिशेब या एका ओळीत मांडता येतो. लेखकांना बायका नाट्याच्या केंद्रस्थानी ठेवाव्याशा का वाटत नाहीत, हा प्रश्न तिने पन्नाशीत विचारला आणि ऐंशीतही विचारत होती.

मग १९९२ ची निवडणूक. मजूर पक्षाची उमेदवार म्हणून ती लंडनच्या हॅम्पस्टेड आणि हायगेटमधून उभी राहिली. मार्गारेट थॅचरच्या सरकारला घालवण्यासाठी कायद्यात बसेल ते काहीही करायला मी तयार होते, असं ती सांगायची. गंमत म्हणजे तोवर थॅचरबाई पायउतार झालेल्या होत्या आणि हिचा पक्ष ती निवडणूक हरला. ही मात्र जिंकली. आणि अभिनय बंद. २३ वर्षं! एक पाहुणी भूमिका नाही.

आपल्याकडचे नट-खासदार आठवून बघा. नावं घेत नाही, तुम्हाला माहीत आहेत. प्रचाराला हात हलवायचा, शपथेच्या दिवशी फोटो, मग पाच वर्षं मतदारसंघाने पोस्टरवर चेहरा बघायचा. ग्लेंडा आपल्या मतदारांच्या घरांच्या, भत्त्यांच्या, शाळांच्या तक्रारी ऐकत बसायची. १९९७ ते ९९ परिवहन खात्यात कनिष्ठ मंत्री होती. मंत्री म्हणून तिने फार मोठा ठसा उमटवला असं मी म्हणणार नाही. लंडनच्या महापौरपदासाठी पक्षाची उमेदवारी मागितली, तीही मिळाली नाही. इराक युद्धाला विरोध केला आणि स्वतःच्याच पंतप्रधानाला, टोनी ब्लेअरला, पायउतार व्हा म्हणून जाहीर सांगितलं. असं बोलणाऱ्याला कुठलाच पक्ष पुन्हा मंत्री करत नाही. २०१० मध्ये मतदारसंघाच्या सीमा बदलल्या, तेव्हा ती निवडून आली फक्त ४२ मतांनी. आमच्या सोसायटीच्या निवडणुकीतसुद्धा याहून जास्त फरक असतो!

आता तो वादग्रस्त दिवस. १० एप्रिल २०१३. थॅचरबाई नुकत्याच वारल्या होत्या, सभागृहात श्रद्धांजलीची भाषणं चालू होती. ग्लेंडा उठली आणि तिने थॅचरच्या काळातलं आपलं लंडन सांगायला सुरुवात केली. पोपडे धरून ठेवायला वर्गाच्या भिंतींवर मुलांची चित्रं आणि मैलोन्मैल चिकटपट्टी. दुकानांच्या दारांत झोपलेली माणसं. मला लहानपणी जे जे दुर्गुण म्हणून शिकवलं, ते ते या राजवटीत सद्गुण ठरले, असं ती म्हणाली. समोरून आरडाओरडा सुरू झाला. सभापतींकडे तक्रार झाली, त्यांनी नियमबाह्य काहीच घडलेलं नाही म्हणून सांगितलं.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं आहे. मलाही पहिल्यांदा ते भाषण ऐकताना अवघडल्यासारखं झालं. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा जाणवलं की ती थॅचर या व्यक्तीबद्दल जवळपास बोलतच नाहीये, चिकटपट्टीबद्दल बोलतेय. शेवटचं वाक्य मात्र मला आजही पटत नाही. पहिली स्त्री पंतप्रधान, ठीक आहे, पण बाई? माझ्या मते नाही, अशा अर्थाचं ती बोलली. का नाही? कठोर बाई, चुकलेली बाई, अगदी नालायक बाईसुद्धा बाईच असते. आणि हे बोलणारी कोण, तर जिने एलिझाबेथ राणी साकारली ती! तिने तरी हे बोलायला नको होतं.

तीन वर्षांनी तिने स्वतःच त्याचं उत्तर दिलं असं मी मानते, तिच्या ते मनात असो वा नसो. २०१५ मध्ये संसद सोडली, रेडिओवर एक भूमिका केली, आणि २०१६ च्या शेवटाला लंडनच्या ओल्ड व्हिकमध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, शेक्सपिअरचा म्हातारा राजा, किंग लिअर. लिअर म्हटलं की आपल्याला आधी ‘नटसम्राट’ आठवतो, गहिवरलेला आवाज आठवतो. हिच्या लिअरच्या ज्या काही चित्रफिती बघायला मिळतात, त्यात गहिवर नाही. राग आहे. सुकलेल्या काटकीसारखी देहयष्टी आणि तोच खर्जातला, वाळू घासल्यासारखा आवाज. तीन तासांहून मोठं नाटक. पुढे २०१९ मध्ये न्यूयॉर्कला पुन्हा, वय ८२. मधल्या २०१८ मध्ये ‘थ्री टॉल विमेन’ या नाटकासाठी टोनी पुरस्कार.

बाईने लिअर का करावा, हे विचारल्यावर तिने दिलेलं उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं. खासदार म्हणून ती वृद्धाश्रमांत, दिवसभराच्या केंद्रांत जायची. तिथे तिला दिसलं, की वय वाढत जातं तशा बाई आणि पुरुष यांच्यामधल्या भिंती पुसट व्हायला लागतात. म्हणजे बघा, ज्या २३ वर्षांना लोक ‘अभिनयातून घेतलेली रजा’ म्हणतात, त्या वर्षांतच तिला लिअर सापडला होता. मतदारांच्या भेटीगाठी घेताना.

मॉडही बहुधा तिथेच सापडली असणार. २०१९ चा ‘एलिझाबेथ इज मिसिंग’ हा बीबीसीचा टीव्हीपट. मॉडची स्मृती जातेय, मैत्रीण हरवलीय असं ती सगळ्यांना सांगतेय, खिशात चिठ्ठ्यांचे कपटे. आमच्या सासूबाईंची शेवटची सहा वर्षं अशीच गेली. ब्लाउजच्या आत, उशीच्या अभ्र्यात, डाळीच्या डब्यात चिठ्ठ्या. ‘दूधवाल्याचे दिले.’ ‘सुमन येऊन गेली.’ सुमन कोण, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. सिनेमांतली विसरभोळी म्हातारी माणसं गोड असतात. सासूबाई गोड नव्हत्या, संतापलेल्या असायच्या, आणि त्यांचा संताप आमच्यावर आहे असं आम्हाला वाटायचं. ग्लेंडाची मॉड पाहिली आणि मी टीव्ही थांबवून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. आपल्याला काहीतरी ठाऊक आहे आणि कुणीच ऐकून घेत नाही, याचा तो राग होता. हे मला सहा वर्षं शेजारी राहून समजलं नव्हतं. त्या भूमिकेला ब्रिटनचं बाफ्टा मिळालं, आंतरराष्ट्रीय एमी मिळालं. मिळायलाच हवं होतं.

शेवटची वर्षं ती लंडनच्या ब्लॅकहीथमध्ये, मुलाच्या घराच्या तळघरातल्या फ्लॅटमध्ये राहायची. बागकाम करायची. १५ जून २०२३ ला तिथेच गेली, ८७ वर्षांची होऊन. ‘द ग्रेट एस्केपर’ त्यानंतर आला. महायुद्धातला एक म्हातारा सैनिक वृद्धाश्रमातून कुणाला न सांगता नॉर्मंडीला जातो, अशी ती खरी घडलेली गोष्ट. म्हातारा मायकेल केन. बायको ग्लेंडा. १९७५ च्या ‘द रोमँटिक इंग्लिशवुमन’ मध्येही हे दोघं नवरा-बायको होते. त्या सिनेमात एकमेकांना बोचकारत बसलेले. इथे ती अर्धा वेळ खुर्चीत, आणि तरी सिनेमा तिच्या खिशात.

कुणाला सुरुवात करायची असेल तर क्लिओपात्राचं ते नाटुकलं यूट्यूबवर शोधा, हसून घ्या. मग ‘एलिझाबेथ आर’, घाई न करता, दिवसाला एक भाग. ‘एलिझाबेथ इज मिसिंग’ मात्र एकट्याने बघू नका. घरात कुणीतरी असू दे.