मणका 'सरकल्यामुळे' डोके दुखते का?

दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्यांच्या मोबाइलवर सध्या एक दावा व्हिडिओंसह फिरतो आहे. त्याचा आशय असा : बैठ्या कामाने मानेतला मणका जागचा सरकतो, नस दबते आणि डोके दुखू लागते, कायरोप्रॅक्टरने (हाताने मणके बसवण्याचा उपचार करणाऱ्याने) मानेला एक झटका दिला की 'कट्‌' असा आवाज होऊन मणका जागेवर बसतो आणि डोकेदुखी मुळापासून जाते, शिवाय यात औषध नसल्यामुळे अपाय काहीच नाही, तेव्हा गोळ्या सोडा. यातला एक धागा खरा आहे आणि त्याच्याच आधाराने बाकीचे सगळे पटण्यासारखे वाटते, म्हणून आधी तो पाहू.

मानेतल्या बिघाडामुळे डोके दुखू शकते. मानेतल्या वरच्या तीन मज्जातंतूंच्या जोड्यांकडून येणाऱ्या संवेदना आणि चेहरा-कपाळाकडून येणाऱ्या संवेदना मज्जारज्जूच्या वरच्या टोकाशी एकत्र येतात, त्यामुळे मानेतले दुखणे कपाळावर किंवा डोळ्यामागे जाणवते. या प्रकाराला 'सर्व्हायकोजेनिक' डोकेदुखी म्हणतात. मात्र ताणजन्य डोकेदुखी आणि अर्धशिशी यांच्या तुलनेत ती बरीच कमी आढळते. अर्धशिशीतही मान आखडते, कित्येकदा डोके दुखायला लागण्याच्या आधीच आखडते. म्हणजे जिला आपण कारण समजतो ती मानदुखी पुष्कळदा त्या आजाराचेच लक्षण असते. 'मान दुखते, त्याअर्थी दोष मानेतच आहे' हा निष्कर्ष इथेच डळमळतो.

आता सरकलेल्या मणक्याविषयी. ही कल्पना डॅनियल डेव्हिड पामर यांची. १८९५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट येथे एका माणसाचा मणका बसवून त्याचा बहिरेपणा घालवल्याचा दावा त्यांनी केला आणि बहुतेक सर्व रोगांचे मूळ कण्यात शोधणारी 'कायरोप्रॅक्टिक' ही पद्धत उभी केली. मणक्याच्या या तथाकथित स्थानभ्रंशाला त्या पंथात 'सबलक्सेशन' म्हणतात. खुद्द ब्रिटनमधील जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिल या नियामक संस्थेने २०१० मध्ये स्पष्ट केले की ही संकल्पना ऐतिहासिक असून तिला संशोधनाचा आधार नाही. मणका खरोखर सरकतो तो अपघातात किंवा काही विशिष्ट आजारांत, आणि तेव्हा मानेला झटका देणे धोक्याचे असते. एक्स-रेवर मानेचा बाक सरळ झालेला दाखवून घाबरवले जाते, पण तसा बाक ज्यांना काहीच दुखत नाही अशा पुष्कळ लोकांतही दिसतो.

आवाजाविषयी थोडक्यात सांगता येईल. २०१५ मध्ये संशोधकांनी बोटे मोडतानाचे एमआरआय चित्रण केले, तेव्हा आवाजाच्या क्षणी सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होताना दिसली. 'कट्‌' हा हाड जागेवर बसल्याचा पुरावा नाही.

'मुळापासून जाते' हा दावा चाचण्यांवर तपासता येतो. डेन्मार्कमध्ये ताणजन्य डोकेदुखीच्या ७५ रुग्णांवर झालेल्या आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मणक्यांना झटका दिलेल्या गटाला, नुसते मर्दन आणि निष्क्रिय (केवळ दिखाव्याचा) लेझर दिलेल्या गटापेक्षा अधिक लाभ झाला नाही. नॉर्वेत अर्धशिशीच्या १०४ रुग्णांवरील चाचणीत (२०१७) खरे उपचार आणि हुबेहूब खोटे उपचार या दोन्ही गटांत दुखण्याचे दिवस सारखेच घटले. सर्व्हायकोजेनिक डोकेदुखीत मात्र चित्र वेगळे आहे, आणि ते लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल : अमेरिकेत २५६ जणांवर झालेल्या चाचणीत (२०१८) सहा आठवड्यांत १८ वेळा उपचार घेतलेल्यांचे दुखण्याचे दिवस हलके मर्दन घेतलेल्या गटापेक्षा चार आठवड्यांमागे सुमारे तीनने कमी झाले. हा लाभ खरा आहे, पण तो एका झटक्याचा नाही आणि मूळ उपटल्याचाही नाही.

'गोळ्या सोडा' हा सल्ला कधी कधी लागू पडल्यासारखा का वाटतो, याचे कारण वेगळेच आहे आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, अथवा संयुक्त (एकाहून अधिक औषधे एकत्र असलेल्या) गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त काळ चालू राहिले तर गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. औषधाच्या दुकानातून गोळ्यांची पट्टी आणून टेबलाच्या खणात ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याला हे सहसा कोणी सांगितलेले नसते. अशा माणसाने उपचाराबरोबर गोळ्या बंद केल्या तर काही आठवड्यांत आराम पडतो आणि श्रेय मात्र मानेच्या झटक्याला मिळते. गोळ्यांचा अतिवापर झाला असेल तर त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवाव्यात.

राहिला 'अपाय नाही' हा भाग. झटक्यानंतर एक-दोन दिवस मान दुखणे नेहमीचे आहे. क्वचित, पण गंभीर असा प्रकार म्हणजे मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचे आतले अस्तर फाटून पक्षाघात होणे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मधील निवेदनात मानेच्या अशा उपचारांशी याचा संबंध नोंदवला. झटक्यानेच धमनी फाटते असे सिद्ध झालेले नाही, तरी रुग्णाला आधी कल्पना द्यावी असे त्यात म्हटले आहे. गुंतागुंत अशी की धमनी फाटल्याची सुरुवातही मानदुखी आणि डोकेदुखीनेच होते, म्हणजे आधीच फाटलेल्या धमनीवर झटका दिला जाण्याची शक्यता उरते. भारतात फिजिओथेरपीसाठी कायदेशीर नोंदणी आहे. कायरोप्रॅक्टिकसाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही, त्यामुळे मान कोणाच्या हाती देतो हे रुग्णालाच पाहावे लागते. मानेत किंवा डोक्यात पूर्वी कधी न झालेले, एकाएकी उठलेले तीव्र दुखणे असेल, किंवा झटक्यानंतर चक्कर, बोलण्यात अडखळणे, एकाच्या जागी दोन दिसणे, पापणी उतरणे, चेहऱ्याचा अथवा हातापायाचा एका बाजूचा जोर जाणे यांपैकी काहीही झाले, तर त्याच व्यक्तीकडे पुन्हा न जाता थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे आणि मानेला झटका दिला होता हे तिथे आवर्जून सांगावे.