आलेख काढून झाल्यावर खरा तास सुरू होतो

नमस्कार गुरुजी,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की, दहावीच्या बीजगणितात सांख्यिकी हे एकच प्रकरण; मध्य, मध्यक, बहुलकाची सूत्रं पाठ असली आणि आयतालेख नीट काढता आला की गुण मिळतात. पोट्ट्यांना पाऊस मोजायला, बाजारभाव लिहायला लावणं हे कॉम्प्युटरवाल्या शहरी शाळांचं काम, कास्तकाराच्या लेकरांचा त्यात वेळ जातो. मला हे पटत नाही. माझ्या मते याची गरज शहरापेक्षा आपल्या गावांनाच जास्त आहे.

पीक विम्याचंच घ्या. महसूल मंडळात, म्हणजे आसपासच्या काही गावांच्या गटात, पीक कापणी प्रयोग होतात (निवडलेल्या प्लॉटमधलं पीक कापून वजन करतात), त्यांतून सरासरी उत्पादन निघतं आणि ते उंबरठा उत्पादनाच्या खाली आलं तर भरपाई. उंबरठा काढताना मागच्या 7 वर्षांतली चांगली 5 वर्षं घेतात, त्यांच्या सरासरीला जोखीम स्तरानं, म्हणजे विम्यात ठरलेल्या हमीच्या टक्केवारीनं, गुणतात. आपल्याकडे तो 70 टक्के. समजा, 5 वर्षांची सरासरी हेक्टरी 1,000 किलो सोयाबीन आहे. उंबरठा झाला 700. मंडळाची सरासरी 720 आली, तर ज्याच्या वावरात 300 किलोच पिकलं त्यालाही या हिशेबानं काही मिळत नाही. नववीच्या फळ्यावर हे मांडलं की पोरं भांडायलाच उठतात. वाईट 2 वर्षं का वगळली? ती धरली असती तर उंबरठा वर गेला असता की खाली? प्रयोगाचे प्लॉट कोणी निवडले? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पोरं स्वतः गणित करून काढतात. तिसऱ्या प्रश्नातून नमुना निवडीचा विषय निघतो, तोही मी न शिकवता.

मध्यकासाठी मी कापसाच्या वेचणीचा हिशेब घेते. पाच बायांनी दिवसभरात वेचलेला कापूस 28, 30, 31, 33 आणि 58 किलो. मध्य 36, मध्यक 31. पाचातल्या चौघी सरासरीच्या खाली! ‘एक बाई सरासरी 36 किलो वेचते’ असं धरून मजूर सांगायचे, की 31 धरून? ज्यांच्या आया वेचणीला जातात त्या मुलींना याचं उत्तर वर्गात सगळ्यांत आधी येतं, आणि एरवी गणिताच्या तासाला त्या तोंड उघडत नाहीत. माझ्यासाठी हे फार मोठं आहे.

पावसाचं तुम्ही विशेष लिहिलंत. 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की मंडळात अतिवृष्टी धरतात, हे घरोघरी माहीत आहे. आम्ही सरळ बाजूंचा डबा पटांगणात ठेवून फुटपट्टीनं मोजतो. जुलैची बेरीज भरपूर दिसू शकते. रोजच्या नोंदींचा स्तंभालेख काढला की कळतं, सगळा पाऊस चार दिवसांत पडला आणि मधले दोन आठवडे कोरडे गेले. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, सुकते ती त्या खंडात. बेरजेत तो दिसतच नाही.

बाजार समितीच्या भावाचंही तेच. किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर असे तीन आकडे असतात. पोरं आधी कमाल वाचतात. बापाच्या मालाला बहुधा सर्वसाधारण दराच्या आसपासच मिळतं. सोयाबीन 4,100 वरून 4,300 झालं, म्हणजे वाढ 5 टक्क्यांहूनही कमी. पण उभा अक्ष 4,000 पासून सुरू केला तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट उंच दिसतो. मोबाईलवर असे आलेख रोज फिरतात. अक्ष कुठून सुरू झाला हे पाहायची सवय दहावीनंतर कोण लावणार?

परीक्षेबद्दल तुमची काळजी खरी आहे. प्रमाण लिहिलं नाही, अक्षांना नावं दिली नाहीत तर मीही गुण कापते. गृहीत मध्य पद्धतीचा सराव आमच्याकडेही होतो, अगदी कंटाळा येईपर्यंत. कॉम्प्युटर मात्र लागत नाही. आलेख कागद आणि पेन्सिल पुरते. पावसाची नोंद परिपाठाआधी दोन मिनिटांत होते, भाव पोरं घरून लिहून आणतात. हे सगळं मी नववीतच उरकते, त्यामुळे दहावीचा एकही तास यात जात नाही.